वरचे काका आणि तेलाचा ताप

कोथिंबीर वड्या अजून ताटातच होत्या आणि बेल वाजली. वरचे काका. काल झालंय हे, पण माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

"ताई, धूर येतोय आमच्या बेडरूममध्ये." नव्हता येत हो. वास येत असेल, घाण्याच्या शेंगदाणा तेलाला तो येणारच. पण काका दारातच स्मोक पॉइंटवर, म्हणजे तेल धुरायला लागतं त्या तापमानावर, सुरू झाले, रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० डिग्रीपर्यंत टिकतं, घाण्याचं १६० च्या आसपासच धुरायला लागतं, मग तेलातलं ग्लिसरॉल तुटून अ‍ॅक्रोलीन होतं, तेच डोळ्यांना झोंबतं, आणि मी हो काका हो काका करत उभी तोवर आत गॅस मोठाच राहिलेला, तेल खरंच धुरायला लागलं. "बघा!" इतका आनंद त्यांना नातवाच्या बारशालाही झाला नव्हता.

गॅस बंद केला तर हे वर जाऊन कोविडमधलं कपाळावर रोखायचं थर्मामीटर घेऊन आले आणि सरळ कढईवर धरलं. ते बिचारं माणसाचा ताप मोजणारं, ४२-४३ च्या पुढे त्याला झेपतच नाही. स्क्रीन लाल, टीं टीं टीं.

"बराच आहे," काका गंभीरपणे.

"मग क्रोसिन देऊ का तेलाला?"

"चेष्टा नको ताई, अ‍ॅक्युरेट आहे हे." परत धरलं. परत टीं टीं. तिसऱ्यांदा वाफेने काच धुरकटली तेव्हा म्हणाले, सेल गेले वाटतं.

आणि मुळात रिफाइंड म्हणजे विष, घाण्याचंच वापरा, हे मागच्या दिवाळीत सोसायटीच्या ग्रुपवर कोणी टाकलेलं? यांनीच! आख्खी बिल्डिंग तिप्पट पैसे मोजून घाण्याकडे वळली. चौकातल्या गाडीवरचं तेल डांबरासारखं झालंय, तिथे संध्याकाळी हेच वडापाव घेऊन उभे. वापरून वापरून तेलातली पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल बिघडताना तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळायला चालत नाही, २०१८ पासून नियम आहे देशभर, पण तिथे नाही कोणी पिस्तूल रोखत. पहिल्यांदाच ओतलेल्या तेलाची झडती मात्र माझ्या घरात.

रात्री ग्रुपवर कढईचा फोटो, खाली "सर्वांनी काळजी घ्यावी". मागे ओट्यावरची माझी खरकटी भांडी स्पष्ट दिसतायत. निदान क्रॉप तरी करायचा ना!