चार मिलिमीटरचा गवगवा

रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्यांच्या) चाहत्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय. फिल्मचा लायका एम (लायका कंपनीची रेंजफाइंडर मालिका) म्हणजे सडपातळ, हलका, हाताच्या मापाचा, आणि डिजिटल एम म्हणजे फुगलेली वीट. फिल्मच्या काळात लायकाने जे माप पन्नास वर्षं जपलं ते डिजिटलने बिघडवलं, फाइंडरही, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकीही, लहान झाला, म्हणून रेंजफाइंडरचा खरा अनुभव हवा असेल तर फिल्मच घ्या, असं त्याचं पुढचं पालुपद. नवीन मुलं हे वाचून हजारो रुपये इकडचे तिकडे करतात, म्हणून हा दावा एकदा कलमवार तपासायलाच हवा. फिल्मवर माझं प्रेम आहे, आणि तिचं समर्थन चुकीच्या आकड्यांवर उभं राहिलेलं मला बघवत नाही.

“डिजिटल एम भलताच जाड आहे.”

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे, आणि तो मोजण्याच्या पद्धतीतून आलेला आहे. १९५४च्या एम-३ची जाडी ३३.५ मिमी म्हणून सांगितली जाते. २०१३मध्ये बाजारात आलेल्या डिजिटल एम टाइप २४०ची छापील जाडी ४२ मिमी. वजाबाकी केली की साडेआठ मिलिमीटर येतात, आणि लगेच “वीट” हा शब्द तयार. पण २००३चा फिल्मवरचा एमपी पाहा. त्याचा बांधा जवळपास एम-३चाच आहे, तरी कंपनीच्या कागदावर त्याची जाडी ३८ मिमी आहे. कॅमेरा जाड झालेला नाही. एका मापात नुसती बॉडी धरली आहे, दुसऱ्यात बाहेर आलेले भागही धरले आहेत. एका बाजूला नुसती बॉडी आणि दुसऱ्या बाजूला सगळं मिळून, अशी तुलना केली तर फुगवटा दिसणारच. सारख्याला सारखं लावलं, म्हणजे ३८ला ४२, तर फरक चार मिलिमीटर.

हे चार मिलिमीटर आले कुठून? एम माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या कड्याच्या, कडेपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी असावं लागतं, नाहीतर जुन्या लेन्स फोकस होणारच नाहीत. फिल्म कॅमेऱ्यात त्या अंतरावर फिल्म असते, तिच्यामागे दाब देणारी पातळ प्लेट, आणि मग दार. संपला कॅमेरा. डिजिटलमध्ये त्याच जागी सेन्सर बसतो, पण त्याच्यामागे सर्किट बोर्ड आणि स्क्रीन हे सगळं मावायचं असतं. लेन्सची जागा ठरलेली, सेन्सरची जागा ठरलेली, म्हणून कॅमेरा वाढला तो पाठीकडे, म्हणजे नेमका जिथे आपला अंगठा टेकतो तिथे. टाइप २४० हातात जाड वाटतो ही तक्रार खरी आहे, आणि ती मी नाकारत नाही.

पण २०१७ साली एम-१० आला आणि तक्रारीचा आधार संपला. वरच्या प्लेटपाशी त्याची जाडी ३३.७५ मिमी, आणि सगळं धरून ३८.५ मिमी. पहिला आकडा एम-३च्या ३३.५ला लावा किंवा दुसरा एमपीच्या ३८ला, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जात नाही. हे फुकट मिळालं नाही. व्हिडिओ काढून टाकला गेला, आणि बॅटरी १८०० एमएएचवरून ११०० एमएएचवर आली. २०२२च्या एम-११ने जाडी तीच ठेवून बॅटरी पुन्हा १८००वर नेली. म्हणजे “डिजिटल एम जाड असतो” हे वाक्य एका मॉडेलबद्दल बऱ्यापैकी खरं आहे, आणि ते सगळ्या घराण्याच्या कपाळी मारलं गेलंय.

“डिजिटल जड असतो.”

२००२चा एम-७, शुद्ध फिल्मवरचा, ६१० ग्रॅम. २००९चा एम-९, पहिला फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) डिजिटल एम, बॅटरीसकट ५८५ ग्रॅम. टाइप २४० मात्र ६८० आणि एम-१० ६६० ग्रॅम, हे दोघे खरंच जड. आता एम-११ घ्या. काळा एम-११ बॅटरीसकट ५३० ग्रॅम आहे, चंदेरी ६४० ग्रॅम. आतला कॅमेरा एकच, फरक फक्त वरच्या प्लेटच्या धातूचा. काळ्याला ॲल्युमिनियम, चंदेरीला पितळ. सेन्सरचा त्या ११० ग्रॅमशी काही संबंध नाही.

शिवाय इथे दावा स्वतःलाच छेद देतो. हेच लोक जुन्या एम-३बद्दल बोलताना त्याच्या भरीवपणाचं, हातात जाणवणाऱ्या वजनाचं कौतुक करतात. पितळेचं वजन आवडतं, तर मग डिजिटलच्या पितळेवर राग कशासाठी? आणि जड वाटण्यात लेन्सचा वाटा केवढा असतो हे कोणी बोलतच नाही. लायकाची ५० मिमी समिक्रॉन लेन्स २४० ग्रॅमची, तीच ५० मिमी नॉक्टिलक्स एफ/०.९५ सातशे ग्रॅमची. मित्राच्या एम-१०वर नॉक्टिलक्स असेल आणि तुमच्या एम-६वर समिक्रॉन, तर तुम्ही कॅमेऱ्यांची तुलना केलेलीच नाही.

“फिल्मच्या काळात माप जपलं गेलं.”

नाही. १९७१चा एम-५ हा फिल्म कॅमेरा १५० मिमी रुंद आणि ८४ मिमी उंच होता. आजवरचा एकही डिजिटल एम एवढा मोठा नाही. तो खपला नाही, आणि कंपनीला एम-४च्या बांध्याकडे परतावं लागलं. एम-३ची उंची ७७ मिमी आणि डिजिटलची ८०, हा तीन मिलिमीटरचा फरकही डिजिटलच्या माथी मारला जातो. पण १९९८ साली एम-६ची टीटीएल ही आवृत्ती, फ्लॅशचा प्रकाश मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सपायी, आधीच सुमारे दोन मिलिमीटरने उंच झाली होती, आणि एम-७ ७९.५ मिमीवर पोचला होता. म्हणजे वाढीचा मोठा हिस्सा फिल्म कॅमेऱ्यांनीच आधी घेतलेला. डिजिटलने त्यात भर घातली ती अर्ध्या मिलिमीटरची.

“डिजिटलचा फाइंडर लहान झाला.”

एम-३चा फाइंडर ०.९१ पट, म्हणजे दृश्य जवळपास नुसत्या डोळ्याला दिसतं तेवढंच. त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं की फोटोची हद्द दाखवणारी चौकट जगावर काढल्यासारखी दिसते, आणि ज्याने ते एकदा पाहिलं तो विसरत नाही. रेंजफाइंडरची परिणामी पाया-लांबी (त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले फाइंडरची पट), जिच्यावर फोकसची अचूकता ठरते, ती एम-३मध्ये ६२ मिमीच्या आसपास येते. एम-६मध्ये ती ५०च्या आसपास. म्हणजे ५० आणि ९० मिमी लेन्स वापरणाऱ्याला एम-३ खरोखरच सरस आहे. पण ही सरशी फिल्मची नाही, एम-३ची आहे. त्याची किंमतही आहे: एम-३मध्ये ३५ मिमीची चौकटच नाही.

बहुतेक लोक ज्याला “फिल्मचा एम” म्हणतात तो एम-६. त्याचा फाइंडर ०.७२ पट. एम-१०चा ०.७३. डिजिटलचा किंचित मोठा! आधीचे एम-८, एम-९ आणि टाइप २४० ०.६८ पटीचे होते, तेवढ्यापुरती तक्रार रास्त.

आवाजाबद्दल मात्र दावा करणाऱ्यांना मी पूर्ण गुण देतो. कापडी पडद्याच्या शटरचा तो मऊ, दबका आवाज डिजिटल एमच्या धातूच्या पात्यांना येत नाही. एम-८ आणि एम-९मध्ये तर फोटो निघाल्यावर मोटर शटर पुन्हा ताणते तेव्हा घर्र करून उठते. एम-१०पर्यंत हे बरंच निवळलं, पण एम-३च्या शेजारी ठेवून ऐकलं तर फरक कळतोच.

“म्हणून खरा अनुभव फिल्ममध्येच.”

अनुभव वेगळा आहे, हे मलाही मान्य. कारण मात्र चुकीचं दिलं जातंय. एम-६ उजव्या हातात धरा आणि अंगठ्याकडे बघा. फिल्म पुढे सरकवायची लीव्हर बॉडीपासून जराशी बाहेर काढून ठेवता येते, आणि अंगठ्याचं पेर तिच्या आणि बॉडीच्या मधल्या खाचेत आपोआप अडकतं. कॅमेरा अंगठ्यावर टांगल्यासारखा राहतो, बाकीची बोटं सैल. आता एम-९ धरा. तिथे लीव्हर नाही. अंगठा गुळगुळीत पाठीवर घसरतो, म्हणून बोटं आवळावी लागतात, आणि आवळलेल्या मुठीत कोणताही कॅमेरा जाड आणि जडच वाटतो. माझं ठाम मत आहे की “वीट” वाटण्यातला मोठा भाग या हरवलेल्या खाचेचा आहे, मिलिमीटरचा नाही. फ्लॅशच्या शूमध्ये, म्हणजे वर फ्लॅश लावायच्या खाचेत, अडकवायचा अंगठ्याचा टेकू लावून त्याच कॅमेऱ्यावर तासभर काम करा, मग बोला.

याचा सर्वांत भक्कम पुरावा लायकाबाहेर आहे. २००४ साली एप्सनने आर-डी१ काढला, जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर, कोसिना कंपनीच्या बेसा या फिल्म कॅमेऱ्यावर बेतलेला. सहा मेगापिक्सेल, एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सर. मापं १४२ बाय ८८.५ मिमी, म्हणजे कोणत्याही एमपेक्षा उंच. जाडीही कमी नाही. दाव्याप्रमाणे हा सगळ्यात वाईट वाटायला हवा. पण त्यात शटर ताणायला खरी लीव्हर आहे, प्रत्येक फोटोनंतर ती अंगठ्याने ओढावी लागते. उरलेले फोटो आणि बॅटरी वर काट्यावर दिसतात, आणि फाइंडर एकास एक. फिल्म कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ जाणारा डिजिटल कोणता असं विचारलं तर मी आजही याचंच नाव घेईन.

लायकालाही हे कळलेलं दिसतं. २०१८च्या एम-१०-डीमध्ये मागची स्क्रीन काढून टाकली आणि वर एक लीव्हर बसवली. ती ना फिल्म सरकवते ना शटर ताणते. बाहेर येते आणि अंगठ्याला जागा देते, बस. जाडी-वजनाच्या आकड्यांत तिचा पत्ताही लागत नाही. दुकानात दोन कॅमेरे तोलून पाहायचेच असतील तर दोन्हींवर एकच लेन्स लावा, डिजिटलवर अंगठ्याचा टेकू चढवा, आणि जाडीचे दोन आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत ना, हे विचारून घ्या.