पोरं दमलेली नाहीत, गंजलेली आहेत

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दलचा एक मेसेज आठ दिवस कोल्हापूरभर फिरतोय: ‘पोरं पेठेच्या सामन्यांनी दमतात, कॉलेजसाठी अंग चोरतात. कोच बदला. पूर्वी या मातीत अनिकेत जाधव घडायचे.’ खाली हात जोडल्याची चित्रं. यंदाचे सगळे सामने मी मैदानाच्या कडेला उभं राहून बघितलेत, म्हणून बोलतो.

दमायचं आधी बघू. शाहू स्टेडियमवर केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) हंगाम, म्हणजे पेठांतल्या तालमींच्या टीमचे सामने, साधारण डिसेंबरच्या आसपास सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. आमची कॉलेजची स्पर्धा सुरू झाली सप्टेंबरअखेर. मधले चार महिने पोरांनी खेळायचं कुठं? स्टेडियम बंद, गांधी मैदानात तळं, कॉलेजच्या मैदानावर चिखल आणि उरलेल्या कोरड्या पट्ट्यात गाड्यांचं पार्किंग. मग वर्गणी काढून भाड्याच्या टर्फवर पाच-पाच जण खेळले. त्यानं पाय मोकळे राहतात, पण तिथं ऑफसाइड नाही, कॉर्नरवरून डोक्यावर येणारा उंच बॉल नाही. आणि आम्ही गोल खाल्ले कशावर? बहुतेक कॉर्नरवर, नाहीतर डिफेन्सची लाइन फाटल्यावर. मेसेज लिहिणाऱ्यानं यातला एक जरी गोल बघितला असता तर ‘दमली’ म्हटलं नसतं.

अंग चोरतात म्हणे. पेठेत मानधन मिळतं, बूट मिळतात, हे खरंच आहे; कॉलेजात जर्सी मिळते, तीही परत द्यायची असते. तरी दुसऱ्या सामन्यात आमचा लेफ्ट बॅक गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून शेवटपर्यंत खेळला. खरी गोची वेगळीच आहे. पाटाकडील तालमीच्या टीमचं एक पोरगं, दिलबहारचं दुसरं, खंडोबाचं तिसरं. एप्रिलमध्ये एकमेकांना अडवत होती, आता एका डिफेन्समध्ये उभी. पहिल्या सामन्याआधी सगळे अकरा एकत्र फक्त चार वेळा खेळले होते. बॉल कुणी सोडायचा, कुणी घ्यायचा, हे सामन्यातच ठरत होतं.

कोच बदला? आधी कोच आहे कुठं! जिमखान्याचे सर एकटे कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स आणि फुटबॉल बघतात. त्या आठवड्यात खो-खोची टीम बाहेरगावी होती, सर तिकडं.

अनिकेतचं नाव घेताना तर जरा थांबायला हवं होतं. पोरगा कोल्हापूरचाच, अभिमान आहेच. पण तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. वेड इथलं, वर्षभराचा सराव तिकडचा. कॉलेजच्या टीमचा यात संबंध येतो कुठं?

पुढचा सामना शुक्रवारी आहे. बुधवारी सहानंतर, गाड्या निघाल्या की, फक्त कॉर्नरचा सराव ठेवलाय. उंच क्रॉस टाकायला माणूस कमी पडतोय. मेसेज फॉरवर्ड करणारे दोघं जुने फॉरवर्ड माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना फोन केलाय. एकजण येतो म्हणालाय.