चिंगी ओकत होती आणि आम्ही पोट बघत बसलो

घरी कुत्री असेल, म्हणजे मादी, आणि तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर हे प्लीज पूर्ण वाचा.

आमची चिंगी आठ वर्षांची. गेल्या महिन्यात एका सकाळी पिवळा फेस ओकली. रिकाम्या पोटी पित्त पडतं कधीकधी, म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी जेवण बंद. उकडलेलं चिकन आणि मऊ भात म्हणजे तिचा जीव की प्राण, वाटीपाशी आली, वास घेतला, आणि मान फिरवून परत गोधडीवर जाऊन पडली. शेजारच्या काकू म्हणाल्या वय झालं गं तिचं. आणि पाणी मात्र घटाघटा, भांडं भरलं की रिकामं, रात्री हॉलमध्ये सू, जी तिने पिल्लू असल्यापासून कधी केली नव्हती. आम्हाला वाटलं उकाडा आहे, पीत असेल.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "हीटवर, म्हणजे माजावर, शेवटची कधी आली होती?" मी आठवून सांगितलं, दीडेक महिना झाला. लगेच सोनोग्राफी. गर्भाशयात पू. पायोमेट्रा म्हणतात याला, बहुतेक वेळा हीटनंतर एक-दोन महिन्यांत होतो. काही कुत्र्यांना खालून घाण स्राव येतो त्यामुळे कळतं तरी, चिंगीच्या पिशवीचं तोंड बंद होतं, बाहेर एक थेंब नाही आणि विष सगळं अंगात. त्या विषाने किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती तहान. सलाईन लावून त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. काढलेली पिशवी मी पाहिली, माझ्या मनगटाएवढी फुगलेली.

मला राग येतो तो "एकदा तरी पिल्लं होऊ द्या मग ऑपरेशन करा" या सल्ल्याचा. आम्हीही तेच ऐकत वर्षं घालवली. पिल्लं झाल्याने पायोमेट्रा टळत नाही, वेळेत ऑपरेशन केल्याने टळतो. आणि उलट्या किंवा दुखणं थांबवायला घरातली आपली औषधं देऊ नका हो, क्रोसिन, ब्रुफेन तर अजिबातच नाही. पाणीही पोटात टिकत नसेल किंवा हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर सकाळची वाट न बघता रात्रीच उचलून न्या. हीटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी अंदाजाने सांगितली तेव्हा हात थरथरत होते माझे.

चौथ्या दिवशी चिंगीने माझ्या तळहातावरचा भात चाटून खाल्ला. चार घास. टाके अजून निघायचेत.