स्वतंत्र संचालक नेमके कुणाचे?

काल रात्री एका कंपनीची ई-मतदानाची नोटीस वाचत होतो. माझ्याकडे तिचे थोडे शेअर आहेत, एका मोठ्या उद्योगसमूहातली कंपनी. ठराव होता स्वतंत्र संचालक नेमण्याचा, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेला आणि इतर भागधारकांच्या वतीने लक्ष ठेवणारा संचालक. उमेदवाराचा परिचय जेमतेम पाच ओळींचा. त्याखाली 'इतर कंपन्यांतील संचालकपदे' या रकान्यात तीन नावं आणि तिन्ही त्याच समूहातली. कायद्यात हे बसतं. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट लिहावंसं वाटलं.

उद्योगसमूह वाईटच असतात असं मी म्हणत नाही. जिथे भांडवल सहज मिळत नाही, कोर्टात निकालाला वर्षं लागतात, अनुभवी व्यवस्थापक मोजकेच असतात, तिथे समूह या सगळ्याची भरपाई करतो. जुन्या कंपनीच्या नावावर नव्या कंपनीला कर्ज मिळतं, माणसं मिळतात. भारतातले कितीतरी कारखाने असेच उभे राहिले. तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू या दोन प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात हेच मांडलं होतं.

अडचण मालकीच्या उतरंडीत आहे. समजा, एका कुटुंबाकडे पहिल्या कंपनीचे ५१ टक्के शेअर आहेत. त्या कंपनीकडे दुसरीचे ५१ टक्के, दुसरीकडे तिसरीचे ५१ टक्के. तिन्हींवर हुकूम कुटुंबाचा, पण तिसऱ्या कंपनीत त्यांचा खरा पैसा फक्त १३ टक्के. आता तिसरीने पहिलीला जास्त भाड्यापोटी, 'ब्रँड फी'पोटी किंवा स्वस्त कर्जापोटी १०० रुपयांचा फायदा करून दिला, तर कुटुंबाच्या एका खिशातून १३ रुपये जातात आणि दुसऱ्यात ५१ येतात. उरलेला भार तिसरीच्या आणि मधल्या कंपनीच्या इतर भागधारकांवर. प्रत्येक समूह असं करतो असं नाही. पण करायचं ठरवलं तर वाट मोकळी आहे.

सत्यम आठवते ना, हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी? १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्याच दोन मेटास कंपन्यांत सुमारे १६० कोटी डॉलर घालायला मंजुरी दिली. भागधारकांना विचारलंही नाही. अमेरिकेत सत्यमचा शेअर निम्म्याहून खाली कोसळला आणि काही तासांत व्यवहार गुंडाळावा लागला. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबांची कबुली दिली. रोख आणि बँकेतली शिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली होती आणि मेटासचा व्यवहार म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता.

त्या मंडळावर कोण होतं? माजी कॅबिनेट सचिव, एका नामांकित बिझनेस स्कूलचे डीन, पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते विनोद धाम. आणि खुद्द कृष्णा पालेपू, ज्यांचा उद्योगसमूहांवरचा अभ्यास जगभर वाचला जातो. म्हणून 'चांगली माणसं नेमा' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. त्यांना खुर्चीवर कोण बसवतं, हा खरा प्रश्न आहे.

सत्यमनंतर कायदा सुधारला, हे मान्य. मोठा व्यवहार प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालकाच्याच, दुसऱ्या कंपनीशी असेल, तर आता त्याच्या मंजुरीत प्रमोटरची मतं धरत नाहीत. याचा उपयोग होतो. मारुतीच्या गुजरात प्रकल्पाची मालकी तिची प्रमोटर असलेल्या सुझुकीकडे ठेवायचं २०१४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा म्युच्युअल फंडांनी कडाडून विरोध केला. कंपनीला अटी बदलाव्या लागल्या आणि मगच, २०१५ च्या डिसेंबरमध्ये, छोट्या भागधारकांची मंजुरी मिळाली.

पण ठरावीक मर्यादेखालचे व्यवहार आपल्यापर्यंत येतच नाहीत. ते ऑडिट कमिटीतले, म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीतले, स्वतंत्र संचालक मंजूर करतात, आणि या संचालकांच्या निवडीत प्रमोटर पूर्ण ताकदीने मत देतो! २०२१ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सुचवलं होतं की या नेमणुकीला प्रमोटर सोडून इतर भागधारकांचं बहुमतही वेगळं लागावं. शेवटी ठरलं ते विशेष ठरावावर, म्हणजे ७५ टक्के मतांवर. प्रमोटरकडे ६० टक्के असतील आणि उरलेल्या ४० पैकी २५ विरोधात गेले, तरी ठराव पास. बाहेरच्यांपैकी बहुसंख्य लोक नको म्हणतात आणि माणूस त्यांच्याच हिताचा राखणदार म्हणून बसतो. मला हे सरळसरळ चूक वाटतं. सेबीने तो मूळ प्रस्ताव पुन्हा बाहेर काढावा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. वार्षिक अहवालात 'रिलेटेड पार्टी'ची, म्हणजे प्रमोटर आणि समूहातल्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची, टीप शोधा, साधारण शेवटाकडे असते. दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी दिलेले असतात. कर्ज, भाडं, रॉयल्टी यांतला कुठला आकडा विक्रीपेक्षा वेगाने वाढलाय, तेवढं बघा. नंतर ई-मतदान करा. मोबाइलवर ओटीपी येतो, पाच मिनिटांचं काम आहे.

कालच्या ठरावावर मी विरोधात मत दिलं. मतदान शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सुरू आहे.