मुक्तिनाथाला जाताय? एक रात्र तिथे राहा

आमच्या देवघरात आजीच्या माहेरचा एक शाळिग्राम आहे. काळा कुळकुळीत, सुपारीएवढा. तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव. तो गंडकीतला, एवढंच आजी सांगायची. यंदा त्याच काली गंडकीच्या काठाने मी नेपाळमधल्या मुक्तिनाथाला जाऊन आले, आणि परतल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये.

मुस्तांग जिल्ह्यातलं हे देऊळ सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, थोरोंग ला खिंडीच्या पायथ्याशी आहे. मुलूख पर्जन्यछायेतला, त्यामुळे डोंगर उघडेबोडके, मातकट. ओढा वाहतो तेवढीच हिरवी पट्टी. मंदिर छोटंसं, पॅगोडासारख्या एकावर एक छपरांचं. मागे अर्धवर्तुळात १०८ धारा. त्या पाण्याखाली डोकं घातलं की क्षणभर श्वास अडकतो.

आमच्या गटाने धारा घेतल्या, दर्शन घेतलं, फोटो काढले आणि दोन तासांत जीपकडे चालू लागला. गाभाऱ्यापाशी लाल-मरून वस्त्रांतल्या झुमा, म्हणजे बौद्ध भिक्षुणी, पूजेची व्यवस्था बघत होत्या. एका काकांनी विचारलं, "आपल्या देवळात यांचं काय काम?"

मला ते फार लागलं. अहो काका, आपण ज्याला विष्णू म्हणून हात जोडले, त्याच मूर्तीत त्यांना अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व दिसतो. त्यांच्या भाषेत या जागेचं नाव छुमिग ग्यात्सा, शंभरावर झऱ्यांची जागा. आपण आयुष्यात एकदा येणार. त्यांच्यासाठी हे रोजचं आहे. पाहुण्याने घरच्या माणसाला असं विचारायचं असतं का?

मी मागे राहिले. रात्री खालच्या राणीपौवा गावात मुक्काम केला आणि सकाळी ज्वालामाईला गेले. मुख्य मंदिरापासून चार पावलांवर छोटा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. आत गुडघे टेकून वाकायचं, जाळीआड बघायचं. जमिनीतून येणाऱ्या वायूची बोटभर निळी ज्योत, आणि शेजारीच पाण्याची झुळझुळ. अग्नी आणि पाणी इतके जवळ मी कधी पाहिले नव्हते. आमच्या गटातल्या कोणीही ते पाहिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

राहण्याचं आणखी एक कारण आहे. उंची. आदल्या दिवशी खालच्या जोमसोम गावात, २,७०० मीटरवर थांबून मगच वर जावं. थेट वर नेऊन साठी-सत्तरीच्या माणसांना त्या बर्फगार पाण्याखाली उभं करणं मला बरोबर वाटत नाही. यात्रा कंपनीला हे आधीच विचारा. जोमसोमच्या खोऱ्यात दुपारी वाराही असा सुटतो, की विमानं सकाळीच उडतात.

वाटेत शाळिग्रामांची दुकानं लागतात, काही दगड घासूनपुसून चकचकीत केलेले. त्यांवरचं चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा ठसा. हिमालय उभा राहण्याआधी इथे टेथिस समुद्र होता, त्याच्या तळातले हे जीव. आपल्या पोथ्यांत वज्रकीटक दगड कोरतो असं सांगितलंय. त्या खुणांचा संबंध आपल्या लोकांनीही एका जिवाशीच जोडला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "शाळिग्राम आणलास का गं?"

नाही आणला. आजीचाच ताम्हनात घेतला, आणि त्यावर पाणी घालता घालता आईला त्या निळ्या ज्योतीबद्दल सांगत बसले.