रशियात सुखानं नांदायचं असेल तर

रशियात बस्तान बसवायचा विचार पक्का झालाय म्हणता? उत्तम. तिथल्या रीतीभाती तेवढ्या आधी शिकून घ्या.

पहिलं पथ्य जिभेचं. तिथे युक्रेनशी युद्ध वगैरे काही चाललेलं नाही, 'विशेष लष्करी मोहीम' चालली आहे. 24 फेब्रुवारी 2022 ला निघाली, चुटकीसरशी उरकायची होती. आता वर्षं मोजत बसू नका. सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर 15 वर्षांपर्यंत आत. खोटी कोणती ते सरकार ठरवतं, तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका. गुपचूप निषेध करू म्हणाल, तर 2022 मध्ये नुसता कोरा कागद धरून उभ्या राहिलेल्यांनाही पोलिसांनी उचललं. कागदावर अक्षर नव्हतं, तरी पोलिसांनी तो वाचला. साक्षरता म्हणतात ती ही!

आता पोटाचं बघू. 2023 मध्ये अंडी वर्षभरात 40 टक्क्यांहून जास्त महागली. डिसेंबरच्या जाहीर कार्यक्रमात एका पेन्शनर बाईंनी थेट पुतिन यांनाच गाऱ्हाणं घातलं आणि त्यांनी चक्क माफी मागितली. सरकारचं चुकलं, म्हणाले. युक्रेनचं मारिउपोल शहर बेचिराख झालं त्याबद्दल माफीचा चकार शब्द नाही, पण अंड्यांबद्दल दिलगिरी. तेव्हा तक्रार करायचीच झाली तर अंड्यांपुरती ठेवा. पुढच्या वर्षी लोणी इतकं कडाडलं की काही दुकानांनी पाकिटं कुलूपबंद डब्यांत ठेवली. लोण्याला एवढं संरक्षण, आणि निर्बंधांमुळे सुटे भाग मिळेनात म्हणून 2022 च्या उन्हाळ्यात लाडा ग्रांटा गाडी एअरबॅगशिवायच विकायला काढलेली. गाडी सावकाश हाकावी, हे ओघानं आलंच.

घरासाठी कर्ज? विसरा. सरकार तोफगोळ्यांवर पैसा ओततं, दारूगोळ्याचे कारखाने जास्त पगार देऊन माणसं पळवतात, हातात पैसा येतो पण बाजारात माल नसतो, भाव चढतात. मग मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते. ऑक्टोबर 2024 मध्ये तो 21 टक्क्यांवर गेला. इकडे सरकारचा खर्चही भागेना, म्हणून 1 जानेवारी 2026 पासून मूल्यवर्धित कर 20 चा 22 टक्के. संरक्षणासाठीच हो! साबणाची वडी घेतलीत तरी देशसेवा घडते.

हप्ते थकलेच तर सैन्यात जा. 2024 च्या उन्हाळ्यात मॉस्कोत नुसत्या सहीचे 19 लाख रूबल देत होते. मदतनिसाची नोकरी म्हणून गेलेली आपल्याकडची कितीतरी पोरं अशीच आघाडीवर पोचली आणि काही परत आलीच नाहीत. करार रशियन भाषेत असतो. सही कुठल्याही लिपीत चालते.

मागे राहणाऱ्यांची काळजी नको. मार्च 2025 मध्ये मुर्मान्स्क प्रांतातल्या एका गावात सत्ताधारी पक्षाची मंडळी महिलादिनानिमित्त मारल्या गेलेल्या सैनिकांच्या आयांना भेटायला गेली. बरोबर फुलं होती आणि मांसाचा खिमा करायचं यंत्र. फोटोही काढले. लोक खवळले, तेव्हा खुलासा आला की यंत्र भेटीच्या यादीत नव्हतंच, एका आईनंच मागितलं होतं.

तेव्हा सरकारकडे काही मागाल ते जपून मागा.