मोबाईल होल्डर घ्यायच्या आधी गाडीत बसून जागा ठरवा

गणपती जवळ आले की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "गाडीत लावायला चांगला होल्डर कुठला गं?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, पण घरची सगळी माणसं घेऊन घाटातून जाणार असाल तर निघायच्या आधी वाचा.

माझं मत असं आहे की कुठल्या कंपनीचा होल्डर घ्यायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. आपल्या गाडीत फोन नेमका कुठे बसला पाहिजे, हे आधी ठरलं पाहिजे. आणि ते ठरवताना एकट्या ड्रायव्हरचा विचार करून भागत नाही. मागे सासूबाई आहेत, मुलं आहेत, शेजारी कुणीतरी आहे, अर्ध्या वाटेत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात जाणार आहे. या सगळ्यांना सोयीची जागा एकदा सापडली की तिथे बसणारा होल्डर शोधणं सोपं आहे. लोक उलटं करतात. सिग्नलवर किंवा ऑनलाइन सेलमध्ये दिसला म्हणून घेतात आणि मग गाडीत त्याला जागा शोधत बसतात.

होल्डर हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फोन मांडीवर ठेवून किंवा स्टिअरिंगला टेकवून मॅप बघणारे रोज दिसतात आणि त्यांच्या गाडीत लहान मुलं असली की माझा जीव वर-खाली होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एक मुभा आली, ती फक्त रस्ता शोधण्यापुरती आणि तीही ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. म्हणजे होल्डरला लावलेल्या फोनवर मामीचा व्हिडिओ कॉल घेणं या मुभेत बसत नाही. "हातात कुठे धरलाय?" हा युक्तिवाद मी खूप वेळा ऐकला आहे आणि मला तो मुळीच पटत नाही.

कायदा बाजूला ठेवा, साधा हिशेब करा. एक्सप्रेसवेवर ताशी १०० ने गाडी एका सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. दोन सेकंद नजर फोनवर गेली तर ५५ मीटर अंतर आपण न बघता कापलेलं असतं. घाटात ताशी ४० ने चालवतानासुद्धा दोन सेकंदांत २२ मीटर जातात आणि कुंभार्लीच्या काही वळणांवर तेवढा समोरचा रस्ताही दिसत नाही. त्यामुळे नजर रस्त्यावरून किती खाली आणि किती बाजूला वळवावी लागते, यावर होल्डर चांगला की नाही हे ठरतं. माझ्या लेखी बाकी सगळं नंतर.

म्हणून कप होल्डरमध्ये बसणारे उंच दांड्याचे होल्डर मी बाद करते. ते घट्ट बसतात हे खरं, पण फोन गिअरच्या जवळ, खूप खाली राहतो आणि दर वेळी मान वाकवावी लागते.

पुढच्या काचेवर चिकटणारे व्हॅक्यूमवाले होल्डर नजरेच्या रेषेत येतात म्हणून लोकांना आवडतात. मला त्यांची भीती वाटते. काचेच्या मधोमध लावलेला सहा-साडेसहा इंचांचा फोन डाव्या बाजूने रस्ता ओलांडणारा माणूस झाकू शकतो. काचेवर लावायचाच असेल तर अगदी खाली, डॅशबोर्डला लागून लावा, म्हणजे फोनच्या मागे बॉनेट येईल, रस्ता येणार नाही. शिवाय गाडी उन्हात उभी राहिली की तो रबरी कप हवा धरून ठेवत नाही. मे महिन्यात अकोल्या-जळगावकडे बाहेरच ४४ अंश असतं, बंद गाडीत काचेलगत काय होत असेल बघा. आणि तो निसटतो तो बरोबर खड्ड्यात किंवा गतिरोधकावर, म्हणजे ड्रायव्हरचं सगळं लक्ष समोर हवं तेव्हाच. पडलेला फोन ब्रेकच्या पेडलखाली जाऊ शकतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

डॅशबोर्डवर चिकटवायचा असेल तर त्याआधी एक गोष्ट बघा. डाव्या सीटसमोर डॅशबोर्डवर 'एअरबॅग' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. २०२२ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आहे. त्या अक्षरांच्या आसपास काहीही चिकटवू नका. अपघातात ती पिशवी पापणी लवायच्या आत फुगते आणि वाटेत जे असेल ते समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर फेकते. तिथे बहुतेक वेळा आपली आई किंवा बायको बसलेली असते. गणपतीची मूर्तीसुद्धा त्या भागात ठेवू नये, अगदी मधोमध ठेवावी, हे मी श्रद्धेनेच सांगते आहे.

आता एसीच्या जाळीवर लागणारे होल्डर. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतात ते हेच आणि यांच्याबद्दलच मला जास्त बोलायचं आहे. उंची बरी असते, चिकटवण्याची भानगड नसते, एसीच्या वाऱ्याने फोन गार राहतो. हे सगळे फायदे खरे आहेत. पण आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटला एसीच्या वेगळ्या जाळ्या नसतात. मागे बसलेल्यांना जो काही गारवा मिळतो तो मधल्या दोन जाळ्यांतूनच. त्यातल्या एका जाळीसमोर फोन उभा केला की मागची निम्मी हवा अडते. सासूबाईंना घाटात गाडी लागते. हवा कोंडली की हमखास. त्या स्वतःहून कधी सांगत नाहीत, नुसत्या पदर नाकाला लावून डोळे मिटून बसतात. ड्रायव्हरच्या सोयीसाठी मागच्या माणसाची हवा अडवायची, हे मला मान्य नाही.

दुसरं, बऱ्याच गाड्यांत मधल्या दोन जाळ्यांच्या बरोबर मध्ये लाल त्रिकोणाचं बटण असतं, चारही इंडिकेटर एकदम लावायचं. मोठा फोन जाळीवर लावला की तो नेमका त्या बटणावर येतो. गाडी हायवेवर अचानक बंद पडली तर हात पहिल्यांदा त्याच बटणाकडे गेला पाहिजे.

तिसरं, ती पाती. जाळीची पाती फोनचं वजन पेलायला बनवलेलीच नसते. आजचा मोठा फोन २०० ग्रॅमच्या पुढे, वर कव्हर, वर होल्डरचं स्वतःचं वजन. त्यात लांब दांड्याचा होल्डर असेल तर दर खड्ड्याला ते सगळं वजन त्या चिमूटभर प्लास्टिकवर आपटतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. पाती तुटली की अनेक गाड्यांत सुटी मिळत नाही, अख्खी जाळी बदलावी लागते. जाळीवरच लावायचा असेल तर आखूड आणि हलका घ्या, मागे पातीला अडकवायचा आकडा (हुक) असून स्क्रूने आवळायचा असा घ्या आणि खाली डॅशबोर्डला टेकणारा पाय असलेला मिळाला तर फारच छान. नुसता चिमट्यासारखा अडकणारा घेऊ नका. २०१८ च्या स्विफ्टसारख्या गोल जाळ्या असतील तर बहुतेक आकडे तिथे नीट बसत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या.

मग लावायचा कुठे? आमच्या गाडीत आम्ही स्टिअरिंगच्या उजवीकडची, दाराजवळची जाळी निवडली. तिची हवा ड्रायव्हरशिवाय कुणाला लागत नाही, मधलं बटण मोकळं राहतं आणि मागच्यांना हवा देणाऱ्या मधल्या दोन्ही जाळ्या उघड्या राहतात. पण ही जागा प्रत्येक गाडीत चालेल असं नाही, कारण काही गाड्यांत तिथे फोन लावला की उजव्या आरशाचा खालचा कोपरा झाकला जातो. त्यासाठीच म्हणते, आधी गाडीत बसा.

रविवारी सकाळी, गाडी दारात उभी असताना, हे करून बघा. जो चालवणार तो आपल्या नेहमीच्या उंचीला सीट लावून बसेल. दुसऱ्याने फोन नुसता हातात धरून एकेका जागी न्यायचा. चालवणाऱ्याने मान न हलवता बघायचं: समोरचा रस्ता पूर्ण दिसतो का, उजवा आरसा दिसतो का, स्पीडचा काटा दिसतो का. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, बोटं फोनला लागतात का बघा. गिअर पहिल्यात, तिसऱ्यात, पाचव्यात टाका. वायपरची दांडी ओढा. लाल त्रिकोणाचं बटण न बघता दाबता येतं का? आणि मग ड्रायव्हर बदला. माझा नवरा जवळजवळ सहा फूट आहे, माझी सीट त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे आणि वर असते. त्याला उत्तम दिसणाऱ्या जागेवरचा फोन मला स्टिअरिंगच्या कडेने अर्धा झाकलेला दिसत होता. दोघांनाही चालेल अशी जागा सापडायला थोडा वेळ लागतो, पण सापडते.

जागा ठरली की दुकानात जाताना गाडी घेऊन जा आणि कव्हरसकट फोन न्या. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात, लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. फोन बसवून होल्डरला बोटाने टिचकी मारा. फोन थरथरत राहिला तर रस्त्यावर नकाशातली अक्षरं वाचता येणार नाहीत. फोन काढणं-लावणं एका हाताने जमलं पाहिजे. आणि दोन्ही बाजूंनी दाबणारे चिमटे असतील तर ते फोनच्या कडेच्या बटणांवर येत नाहीत ना, हे डोळे उघडे ठेवून बघा. काही फोनमध्ये कडेची बटणं दाबून राहिली किंवा लागोपाठ दाबली गेली की थेट आपत्कालीन कॉल लागतो.

मॅग्नेटवाले होल्डर वापरायला सगळ्यात सुटसुटीत, हे मान्य. २०२० च्या आयफोन १२ पासून बहुतेक आयफोनमध्ये त्यासाठी आतच चुंबक येतं. बाकीच्या बहुतेक फोनच्या कव्हरला लोखंडी पत्रा किंवा रिंग चिकटवावी लागते. कव्हर जाड असेल तर पकड ढिली पडते आणि पत्रा लावलेल्या फोनला वायरलेस चार्जिंग करू नका, पत्रा तापतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर मात्र जास्त काळजी घ्या. असा फोन आणि त्याचा चार्जर पेसमेकरपासून १५ सेंटिमीटरहून लांब, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटरहून लांब ठेवा, असं ॲपलच सांगतं. होल्डरवर लावलेला फोन एरवी तेवढा लांब असतोच, पण उतरताना तो काढून आजोबांच्या शर्टाच्या खिशात टाकायची सवय आपल्या घरांत आहे. ती मोडा.

उन्हाबद्दल एकच. आयफोनसाठी ० ते ३५ अंश एवढंच तापमान योग्य मानलं आहे. ऊन, चार्जिंग आणि मॅप एकत्र आले की कुठलाही फोन तापतो, स्क्रीन मंद होते आणि मग ड्रायव्हर आणखी डोळे ताणून बघतो. गाडी उभी केली की फोन सोबत घ्या. चार्जरची वायर आखूड ठेवा, गिअरभोवती लोंबणारी नको.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. होल्डरमधल्या फोनला ड्रायव्हरने हात लावायचा नाही. आमच्याकडे हे काम शेजारी बसणाऱ्याचं आहे, बहुतेक वेळा माझ्या दहावीतल्या लेकीचं. फोन उजव्या जाळीवर असल्यामुळे तिचा हात तिथवर पोचत नाही, म्हणून काही बदलायचं असेल तर गाडी कडेला थांबते, फोन तिच्या हातात जातो, ती पत्ता टाकते आणि परत लावते. निघायच्या आधी रात्री ती त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवते, कारण कोयनानगरच्या पुढे रेंज येते-जाते. आवाज मोठा ठेवतो, म्हणजे स्क्रीनकडे बघायची गरजच कमी पडते. मुलांना हे काम द्या. ती ते फार मनापासून करतात आणि आपल्याला "बाबा, आता डावीकडे" असं सांगणारा एक खात्रीचा आवाज मिळतो.

मागच्या मुलांसाठी पुढच्या सीटच्या डोक्याला टॅब्लेट अडकवायचे होल्डर मिळतात. ते घेऊ नका, असं मी स्पष्टच म्हणते. जोरात ब्रेक लागला की मुलाचं डोकं पुढे जातं आणि तिथे ती कडक काच असते. त्यापेक्षा ते पैसे लहान मुलाच्या सीटमध्ये घाला. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी म्हणून कुणी ते करू नये.

ज्यांच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनवरचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालणारा स्क्रीन आहे त्यांनी होल्डरच्या फंदात पडूच नये. फोन खणात ठेवा आणि मॅप त्या स्क्रीनवर बघा.

गोल जाळ्यांच्या गाडीत कुणाला घट्ट बसणारा होल्डर सापडला असेल तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहून इथे सांगा. माझ्या नणंदेला हवा आहे, तिला चतुर्थीच्या आधी सावंतवाडीला जायचं आहे.